डावा गुडघा

मालिनी गुंजाळनं लहानग्या रेश्माच्या फोटोत डावीकडे दिसणारा वाकडा गुडघा पाहून 'डावा' असा कोड भरला होता. फोटो समोरून काढलेला असतो, म्हणजे तो उजवा, हे अकरा वर्षांत ती पहिल्यांदाच विसरली.

शस्त्रक्रियेचं यंत्र पाय बघत नाही, कोड वाचतं. बाहेर वाकलेला गुडघा अठरा अंश आत घ्यायचा होता. यंत्रानं रेश्माचा सरळ असलेला डावा गुडघा बरोबर अठरा अंश आत घेतला.

आता तिची आई तिला पाठीवर घेऊन रुग्णालयात मालिनीच्या नोंदणी-खिडकीशी उभी होती.

"ताई, चांगला पायपण गेला हो. काहीतरी करा."

मालिनीनं नोंद उघडली. उजवा गुडघा निरोगी, डावा बरा झालेला. शस्त्रक्रियेनंतर कोड बदलता येत नव्हता, आणि पाय बघणारे डॉक्टर सरकारनं कधीच घरी बसवले होते.

"काय लिहिलंय, ताई?"

"दोन्ही गुडघे ठीक आहेत, असं लिहिलंय."

आईचा चेहरा उजळला. तिनं पोरीला हळूच खाली उतरवलं.

"ऐकलंस ना? यंत्र कधी चुकत नाही. चल, ताईंना चालून दाखव."