माटोळीचं फळ

"ती बाई किदें विचारता, सांगूं?" शेजारी टोपली मांडून बसलेल्या सुविधाला हसू आवरत नव्हतं. "कवंडळ सोलून खायचें, की सालीसकट?"

देवकी आंब्याच्या डहाळ्यांची जुडी बांधत होती. तिचे हात थांबले.

चवथीच्या आधीचा शनिवार. गोव्यातल्या डिचोलीच्या वेशीबाहेर, माळाच्या पायथ्याशी भरणाऱ्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. आसपासच्या गावांतले शेतकरी रान पालथं घालून माटोळीचं सामान घेऊन आले होते. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला फळं, कंद, रानवेली बांधतात, ती माटोळी. त्यातले नारळ, तवशी म्हणजे मोठ्या काकड्या पुढे घरात खाल्ल्या जातात. कवंडळ मात्र कोणी तोंडाला लावत नाही. लिंबाएवढं, लालभडक, बघत राहावं असं फळ, आणि आत सगळं वीख. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. त्यामुळे कोणी कोणाला सांगायच्या भानगडीत पडत नाही.

"खंयची बाई?"

"ती गे, कोल्हापूरकडची. मघां चेडूं घेऊन आयिल्ली. तुजेकडल्यान तीन कवंडळां घेतलीं ती."

"मगे तूं किदें सांगलें?"

"म्हजें गिरायक उबें आशिल्लें. हांव हांसलें, इतलेंच."

बाईनं दोनच विकत घेतली होती. तिसरं देवकीनं स्वतः पोरीच्या इवल्याशा हातात ठेवलं होतं, फुकट, कौतुकानं. पोर गोड होती, फळ गालाला लावून हसत होती. 'माळावरच्या नव्या बिल्डिंगीत राहतो, हितला पहिलाच गणपती हाय,' असं बाई म्हणाली होती. आणि देवकीनं तिला माटोळी कशी बांधायची ते सगळं समजावून सांगितलं होतं. काय खायचं नाही, तेवढंच सोडून.

"टोपली बघ," एवढंच ती सुविधाला म्हणाली आणि धावत सुटली.

वर्षातला सगळ्यात मोठा बाजार टाकून देवकी कुठं निघाली, म्हणून लोक वळून बघत होते. माळाची चढण चढताना एक चप्पल मागेच राहिली. दुसरी तिनं काढून फेकली. बाईचं नाव तिनं विचारलं नव्हतं. गिऱ्हाइकाचं नाव कोण विचारतं?

वर चार बिल्डिंगी होत्या, चारही सारख्या. फाटकावर रखवालदारानं काठी आडवी धरली.

"विकायला आत यायचं नाही. पाटी वाच."

"म्हज्या हातांत किदें दिसता तुका?" देवकी दोन्ही रिकामे हात त्याच्या तोंडापुढे नाचवत ओरडली आणि काठीखालून वाकून आत शिरली.

कुठल्या बिल्डिंगीत जायचं? कुठल्या मजल्यावर? मधल्या मोकळ्या जागेत ती उभी राहिली. मग बाजारात ओरडून ओरडून कमावलेला सगळा गळा तिनं मोकळा सोडला.

"कवंडळ खांव नाका गे! तांबडें फळ खांव नाका! वीख तें!"

खिडक्या उघडल्या. कोणी फोन काढून शूटिंग करायला लागलं. कोणी म्हणालं, वेडी दिसते. देवकीला कशाचंच भान नव्हतं. ती गरागरा फिरत चारी दिशांना ओरडत होती. आपल्या हातून एक लेकरू मेलं, एवढंच तिच्या डोक्यात घणाणत होतं.

तिसऱ्या बिल्डिंगीच्या दुसऱ्या मजल्यावर ती बाई गॅलरीत आली. पांढरीफटक. तिनं हातानंच वर बोलावलं.

देवकी जिने कसे चढली, ते तिलाच कळलं नाही. दार उघडंच होतं. ओट्यावर ताटली, ताटलीत कवंडळाच्या फोडी, फोडींवर साखर पेरलेली. गॅसच्या सिलिंडरला टेकून पोर हुंदके देत होती. देवकीनं तिला उचललं, मोरीपाशी नेलं, तोंडात बोटं घालून जीभ, टाळू, गालफडं चाचपली.

"गिळ्ळें तुवें? सांग बाये, पोटांत गेलें?"

पोरीनं मान हलवली. नाही. जमिनीवर चघळलेला लगदा पडला होता, सगळाच्या सगळा. तरी देवकी मागोमाग धापा टाकत आलेल्या रखवालदाराला म्हणाली, "रिक्षा हाड. डॉक्टराक दाखोवया." तो रिक्षा आणायला आल्या पावली जिना उतरला.

पाण्याच्या चुळा भरवता भरवता देवकीला पोरीचा गाल दिसला. डावा. सुजलेला, त्यावर चार बोटं उमटलेली.

"हें किदें?"

बाई भिंतीला टेकून उभी होती. तिनं उजवा हात पदराखाली घेतला.

"थुकली म्हणून मारलं, मावशी." ती म्हणाली. "कडू हाय, कडू हाय म्हणून रडत हुती. मी म्हटलं, देवाचं कधी कडू नसतंय."