शेवटचा शब्द

"पुढचं पानच नाही!" सुनंदाबाईंनी जुनी कादंबरी वर्गाकडे फिरवून दाखवली. "हुमा, ऊठ. शेवट तूच सांग. पान तुझ्याकडेच असेल ना!"

शेजारच्या दिपमालाने हुमाची ओढणी ओढली. "नको गं! पाठ म्हणून दाखवलंस तर चोर तूच ठरशील."

खरंच होतं ते. पान फाडलेलं आहे हे काल लक्षात आलं, तेव्हा मागच्या बाकावरची कोकिळा एवढंच म्हणाली होती, "शेवटी पुस्तक हुमाकडे होतं." झालं! उद्याच्या जळगावच्या कथाकथन स्पर्धेतून हुमाचं नाव गेलं, कोकिळाचं आलं.

आता जितकं छान सांगावं तितकी ती फसणार. एखादीने चुकत-माकत, अडखळत सांगितलं असतं. पण हुमा म्हणजे हुमा! तिने ओढणी सोडवून घेतली आणि थेट गोष्टीतल्या तुरुंगाच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"पहाटेची वेळ. काळ्या पाण्यावर न्यायच्या कैद्यांची हजेरी चालली आहे. शिपाई वना मास्तरांचं नाव पुकारतो. मास्तर तापाने बेशुद्ध. कोपऱ्यात चुडामण बसलाय. आपल्याच पांझरा नदीच्या काठचा. ह्यानेच दारूच्या एका बाटलीसाठी मास्तरांना पकडून दिलं होतं. आज तो सुटणार आहे. शिपाई दुसऱ्यांदा पुकारतो. आणि जन्मभर जो कुणाच्या हाकेला उठला नाही, तो चुडामण उठतो. मास्तरांची घोंगडी खांद्यावर घेतो. म्हणतो, हजर!"

कुणीतरी टाळी वाजवली. एकच.

"एकही शब्द चुकली नाहीस," बाई म्हणाल्या. "म्हणजे पान तुझ्याकडेच आहे."

"नाही बाई. मी ते सात वेळा वाचलंय."

"मग आहे कुणाकडे?"



"मनाजवळ शे, बाई."

सगळ्या माना मागे वळल्या. कोकिळा उभी होती. जूनमध्ये पांझरेकाठच्या खेड्यातून देवपूरच्या ह्या शाळेत आली, तेव्हा पहिल्याच हजेरीला ती 'हजर'ऐवजी गावच्या बोलीत 'शे', म्हणजे 'आहे', म्हणून गेली होती. तेव्हापासून तिचा नंबर आला की कुणीतरी कुजबुजायचंच, "कोकिळा शे का गं?" मग ती दात-ओठ आवळून, अगदी खणखणीत 'हजर' म्हणायची. आज दात-ओठ आवळायचं तिला सुचलंच नाही.

"मीच फाडं. हुमानं पुस्तक परत दिधं, मंग कपाटातून…" ती थांबली. "पाठ करायला घेतलं, बाई. मला पण जळगावला जायचं होतं."

तिने कंपासपेटीतून पान काढलं. आठ घड्या घातलेलं. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, तिथे तिथे पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या.

'शे'ला आज कुणी हसलं नाही. चाळीस जणी, पण एकही नाही.

बाईंनी पान हाताने सपाट केलं आणि पुस्तकात ठेवलं. मग स्पर्धेची यादी काढली, कोकिळाचं नाव खोडलं आणि वर हुमाचं लिहिलं. "सकाळी सातला बसस्टँडवर ये. उशीर नको."

"हो बाई." पण हुमा बसली नाही. ती मागच्या बाकाकडे बघत होती. कोकिळाही अजून उभीच होती.

"बाई, उद्या शेवटचा शब्द बदलला तर चालेल?"

"कुठला शब्द?"

"चुडामण आपल्याच पांझरेकाठचा ना? मग तो 'हजर' कशाला म्हणेल?"