तीन पिंपं समुद्र

"पिंपाला हात लावायचा न्हाई," आक्का म्हणाली. "आधी गाळणार."

धन्यकुमारने कपाळावर हात मारून घेतला. रत्नागिरीहून आंबा घाट चढून तीन पिंपं समुद्र सांगलीत आणलेला, त्यातला निम्मा वाटेत हिंदकळून सांडलेला. आणि आता त्याची आई दुपदरी फडकं घेऊन उरलेला गाळायला उभी.

"आक्का, हे प्यायचं पाणी नव्हे. यात मासे राहायचेत."

"मग मासं काय बिनगाळलेलं पाणी पितील? जैनाच्या घरात?"

धन्यकुमारने पहिल्या पिंपाचं झाकण काढलं.

गाळलं. तिन्ही पिंपं. दुपार गेली.

पण खरा ताप मासे ठेवायच्या पेटीचा.

पाचगणीचा एक साहेब सत्तेचाळीस साली विलायतेला परतला. त्याच्या बंगल्यावर धन्यकुमारने ती पाहिली होती. जाड काच, लोखंडी चौकट, आत खाऱ्या पाण्यात फिरणारे निळे मासे. हळदीच्या पेढीवर बसून डोळ्यांपुढे कायम पिवळं असलेल्या माणसाला त्या निळ्याचं वेड लागलं.

नवी पेटी? मुंबईचा दुकानदार चार महिने थांबा म्हणाला. जुनी? साहेबाचीच, कराडच्या दोस्ताने, मानसिंगने, घेऊन ठेवलेली, गोठ्यात पडलेली.

मानसिंग: "जुनीच ने, गड्या. साहेबानं वापरलीय, म्हंजे पारखून झालीय."

बायको प्रभावती: "नवी घ्या. जुनीत काय काय मेलं असंल, कुणास ठावं."

आक्का: "जी लौकर यील ती."

तो चकित झाला. मासे म्हटल्यावर ती घर डोक्यावर घेईल, अशी त्याने तयारी ठेवली होती.

जुनी आली. गळाली. फटींत लांबी भरली. गळाली. चौकटीवर डांबर फासलं, तेव्हा गळायची थांबली आणि घरभर वास सुटला. हवेचा पंप मोडका निघाला. मग मोटारीची ट्यूब फुगवायची, तिला बारीक रबरी नळी जोडायची, नळी पेटीत सोडायची. बुडबुडे छान यायचे. तासाभरात ट्यूब बसायची, आणि तिच्याशेजारी धन्यकुमार.

त्यात आक्का.

"त्या माशांचं पाणी केवढं असतंय रं?"

"केवढं म्हणजे? समुद्र आहे तो."

"पुरातल्या कृष्णेएवढं?"

"त्याहून मोठं."

"पल्याडचा काठ दिसत न्हाई म्हणत्यात. खरं?"

"आक्का, ती नळी धर. सुटली बघ!"

हळदीचा ट्रक घेऊन सिद्धू ड्रायव्हर रत्नागिरीला निघाला आणि धन्यकुमार पिंपं घेऊन त्याच्या शेजारी बसला, तेव्हाही ती दारात आली होती. "मी यिऊ?"

"पिंपात बसणार का?" असं म्हणून त्याने ट्रकचं दार ओढून घेतलं होतं.

तर, गाळून झालं. मासे पुढच्या खेपेला आणायचे होते. पाणी पेटीत ओतलं आणि धन्यकुमार हात पुसत वळला. आक्का पितळी लोटा घेऊन उभी होती. लोट्याच्या तोंडाला पांढरं फडकं, वर घट्ट दोरी.

"ह्यात फडक्यावर राहिलेलं जीव हायत. ते त्यांच्या पाण्यात सोडायचं."

"सोड की पेटीत. तेच पाणी आहे."

"हिरीचं पाणी घागरीत भरलं, म्हणून घागर हीर होती व्हय? जीव जिथला, तिथं."

"रत्नागिरीला?"

"तू आणलंस तिथनं. मी न्हाई आणलं."

"बरं. सिद्धू चाललाय सोमवारी, त्याच्याकडं दे."

"सिद्धू विडी वढतो. माझ्या हातानं सोडणार. तवर अन्न न्हाई."

लहर आहे, उतरेल, असं त्याने धरलं. पहिल्या दिवशी तिने फक्त उकळलेलं पाणी घेतलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका नारळ घेऊन तिच्या पाया पडायला आल्या. एकीने जाता जाता पेटीकडे पाहिलं आणि मग धन्यकुमारकडे असं पाहिलं की तो माडीवर निघून गेला.

चौथ्या दिवशी उठताना आक्का भिंतीला धरून बसली. प्रभावती माडीवर आली.

"पासष्टीची बाई हाय ती. मासं पाळायचं का आई, एकदा ठरवा."

त्याने सिद्धूला हाक मारली.

ट्रक निघाला. पुढे सिद्धू, मधे धन्यकुमार, खिडकीशी आक्का, मांडीवर लोटा. कोल्हापूर. मलकापूर. घाट उतरताना ब्रेक दोनदा तापले. आक्का एका शब्दाने कुरकुरली नाही. धन्यकुमार दोघांचं मिळून कुरकुरला. ट्यूब, डांबर, लांबी, साहेब, मानसिंग, सगळ्यांचा उद्धार झाला.

रत्नागिरीच्या वाळूत उतरले तेव्हा सूर्य पाण्यापासून हातभर वर होता. दिवस मावळल्यावर आक्का घास घेत नसे. दशम्यांचं गाठोडं हातात धरून तो तिच्यामागे धावला.

"सोड लौकर. आणि चार घास खा."

आक्का घोटाभर पाण्यात उभी. लोटा छातीशी.

"आक्का."

"थांब की रं."

"काय थांबू? सूर्य बुडतोय! आजचाही उपास घडणार!"

"घडू दे."

सूर्य टेकला. ती हलेना. डोळे लांब, पार टोकाला, जिथे काठ नव्हता तिथे. धन्यकुमारचा संयम संपला. त्याने गाठोडं वाळूत टाकलं, तिच्या हातातून लोटा ओढून घेतला आणि दोरी सोडू लागला. ओली गाठ सुटेना. त्याने ती दातांत धरून ओढली. फडकं निसटलं आणि घोटभर पाणी थेट त्याच्या तोंडात गेलं.

खारट म्हणून तो थुंकायला वाकला, आणि थुंकलाच नाही.

पाणी गोड होतं. घरच्या आडाचं.