जांभळी ओळ

बंदरावर तपासणीच्या सामंतबाईंनी कंटेनरचं दार उघडलं आणि ड्रायव्हर भागाजी पिंगळे आत डोकावला. दारालगतची द्राक्षांची ओळ जांभळी पडली होती. हल्ली निर्यातीची द्राक्षं मुद्दाम अशी रंग बदलणारीच पिकवतात. वाटेत जरा ऊब लागली की हिरवा मणी जांभळा होतो, आणि पुन्हा हिरवा होत नाही. एक ओळ रंगली तर तेवढीच बाद. दुसरीही रंगली की अख्खा माल परत, आणि ड्रायव्हरचा परवाना जप्त.

“वाटेत दार कुठं उघडलंत, पिंगळे?”

“कुठंच नाही, मॅडम. आईशप्पथ.”

“कारण नोंदल्याशिवाय मला दार लावता येत नाही. आठवा सावकाश.” बाई दाराला टेकून उभ्या राहिल्या.

ऊन रणरणत होतं. दुसऱ्या ओळीतला एक मणी जांभळा झाला, मग त्याच्या शेजारचा. आजवर भल्याभल्यांना थापा पचवायला लावणाऱ्या भागाजीला द्राक्षांपुढं घाम फुटला.

“घाटातल्या देवीपाशी!” तो ओरडला. “हंगामातला पहिला घड तिला ठेवतो मी. लावा ना दार!”

बाईंनी दार धाडकन लावलं. “एक ओळ बाद. दोन मण्यांची काही ओळ होत नाही,” त्या म्हणाल्या. “आणि पुढच्या खेपेला देवीला नारळ फोडा. तो चुगल्या करत नाही.”