तू ठेव आधी

जलशुद्धीकरण केंद्रात फोन वाजला आणि शर्वाणीने तो स्पीकरवर घेतला. हल्लेखोर घरच्या माणसांचे हुबेहूब आवाज काढून पाणी बंद पाडायचे, म्हणून दर महिन्याला यंत्र तसेच आवाज काढून कर्मचाऱ्यांचा सराव घेई. या वेळी चुकली, तर नियंत्रण कक्षातून तिची बदली ठरलेली होती.

"शरू, जेवलीस का?" बाबांचा आवाज. त्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. "पंपांचा पासवर्ड सांग बरं जरा."

"नाही सांगणार, बाबा."

"शाब्बास! आता कट करा, मॅडम," शेजारचे बारटक्के कुजबुजले. "मागच्या वेळी कट न केल्यामुळंच नापास झालात."

शर्वाणी खुर्चीतून उठली, पुन्हा बसली. बाबा कधीच आधी फोन ठेवत नसत; ती ठेवेपर्यंत पलीकडे थांबून राहायचे.

"तुम्ही ठेवा ना," ती हळूच म्हणाली.

"नाही गं. तू ठेव आधी."

तिने फोन कट केला. पडद्यावर हिरवा दिवा लागला.

"सुटलात!" बारटक्के म्हणाले. "आता तरी त्यांचा आवाज सरावातून काढून टाकू?"

"राहू द्या," शर्वाणी म्हणाली. "मला अजून सराव हवाय."