पणजोबांची मेंढी

चर्चच्या हॉलमध्ये जमलेल्या गावकऱ्यांसमोर कागद हातात धरून मी उभा होतो. मुलीकडे इंग्लंडच्या या खेड्यात आल्यापासून माझ्याशी आवर्जून बोलणारं एकच माणूस भेटलं होतं, शेजारच्या मेव्हिसबाई. त्यांच्याच हट्टापायी मी चर्चच्या जुन्या दप्तरात त्यांचं घराणं शोधलं होतं.

"वाचा हो! उमराव निघाले की सरदार?" मेव्हिसबाईंनी विचारलं.

आमच्याकडच्या कुलवृत्तांतात सगळे पूर्वज सज्जन असतात. यांचे पणजोबा मेंढीचोर निघाले होते, आणि मेंढी होती विल्फच्या पणजोबांची. कुंपणाच्या भांडणावरून बाईंशी अबोला धरलेला हा विल्फ पहिल्याच रांगेत बसला होता. खोटं बोलायलाही धीर लागतो, तो माझ्यात नाही. पुटपुटत वाचून टाकलं. आता ही एकमेव ओळखही संपली, असं वाटलं.

मग विल्फ खो खो हसत सुटला. "तरीच हिचं कुंपण दरवर्षी माझ्या बागेत सरकतं!"

मेव्हिसबाई ताठ उभ्या राहिल्या. "रविवारी जेवायला ये. मेंढी परत करते." आणि माझ्याकडे वळल्या. "तुम्हीही या. तुम्ही मटण खात नाही, तुम्हाला बटाटे भाजते. आता याचे पूर्वज शोधा, तेही काही साधे नसणार!"