समुद्रस्नान

"समुद्र म्हणजे निव्वळ फालतू चीज आहे," असा निकाल महाल भागातले किराणा व्यापारी नत्थूजी यांनी गोव्याच्या किनाऱ्यावर उभं राहून दिला. पाण्यापासून ते तेव्हा चांगले वीस हात दूर होते. "आपल्या गावच्या अंबाझरी तलावात मीठ टाकलं का झाला समुद्र!"

आठवडाभर त्यांचं हेच चाललं होतं. पत्नी पुष्पलताबाई रोज लाटांत डुंबून येत, आणि नत्थूजी कोरड्या धोतरात खुर्चीवर बसून पोहणाऱ्या जगाला मूर्ख ठरवत.

आज दुपारची परतीची गाडी होती. हॉटेलच्या खोलीत घरून आणलेला स्टोव्ह पोत्यात बांधता बांधता पुष्पलताबाई म्हणाल्या, "अहो, समुद्रात आंघोळ करून येतो असं तुम्ही आईले कबूल केलं होतं नं?"

"केली म्हणून सांगतो. त्याइले काय समजते?"

"त्या तुळशीसमोर उभं करून विचारतीन. तिथं खोटं बोलसान?"

नत्थूजींनी खिडकीतून समुद्राकडे तुच्छतेने पाहिलं. मग न्हाणीघरात जाऊन बादली आणली.

 

"स्टोव्ह बांधू नको वं. अर्धी बादली समुद्र आण, अन् जरा कोमट करून दे."